वाचकांचे प्रश्न : १९ डिसेंबर की २० डिसेंबर?

प्रश्न : आमच्या शाळेच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष मी लिहिते. १९ डिसेंबरला 'गोवा मुक्तिदिन' एवढेच लिहून मी मोकळी होते. यंदा मात्र एका पालकांनी विचारले, की घटनादुरुस्तीत २० डिसेंबर ही तारीख असताना आपण १९ का पाळतो? शिवाय या तारखेला दुसरे काही घडलेच नाही का?
(एक शिक्षिका, फोंडा)

उत्तर : पालकांचे म्हणणे बरोबर आहे आणि आपण फळ्यावर लिहिता तेही बरोबर आहे. भारतीय सैन्याची मुख्य आगेकूच १७ डिसेंबर १९६१ ची मध्यरात्र उलटल्यावर सुरू झाली. १८ तारखेला हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि मुरगाव बंदरात पोर्तुगीजांच्या एकुलत्या एका मोठ्या युद्धनौकेला आपल्या नौदलाने गाठले. गोळे लागून जायबंदी झालेली ती नौका तिच्याच खलाशांनी किनाऱ्यावर चढवली. तिचे नाव होते 'आफोन्सो द आल्बुकेर्क', म्हणजे ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला त्याचेच. मागे सरताना पोर्तुगीजांनी बोरीचा आणि बाणस्तारीचा पूल उडवून दिला होता. तरीही १९ च्या सकाळी बेतीच्या बाजूने मांडवी ओलांडून आपल्या तुकड्या पणजीत उतरल्या आणि त्याच रात्री साडेआठच्या सुमारास गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार यांचा लिस्बनहून आलेला हुकूम होता. तो त्यांनी मानला नाही, म्हणून पणजी शाबूत राहिली, असे आम्हांला वाटते.

रात्री साडेआठनंतर त्या दिवसाचे उरले ते किती! कायद्याने साहजिकच दुसऱ्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. १९६२ ची बारावी घटनादुरुस्ती गोवा, दमण आणि दीव यांना २० डिसेंबर १९६१ पासून भारताचा भाग धरते, आणि त्याच वर्षीचा नागरिकत्वाचा आदेशही हीच तारीख सांगतो. म्हणून आजोबांचा जन्मदाखला शोधत कचेरीच्या खेपा घालणाऱ्याला २० तारीख महत्त्वाची, तर मिरवणुकीत झेंडा घेऊन चालणाऱ्या मुलाला १९. पोर्तुगालने हे सारे मान्य केल्याचा करार तर ३१ डिसेंबर १९७४ चा आहे.

आता १९ डिसेंबरला आणखी काय घडले, ते पाहू. काकोरी खटल्यातील रामप्रसाद बिस्मिल यांना गोरखपूरला, अशफाकउल्ला खान यांना फैजाबादला आणि रोशन सिंह यांना अलाहाबादच्या तुरुंगात फाशी दिली गेली, ती १९ डिसेंबर १९२७ रोजी. चौथे राजेंद्र लाहिरी यांना गोंड्याला दोन दिवस आधीच फाशी झाली होती, म्हणून चौघांची नावे एकाच तारखेखाली लिहू नयेत. ही चूक अनेक छापील दिनदर्शिकांतही आढळते. मकाव पोर्तुगालकडून चीनकडे गेले तेही १९९९ च्या १९ आणि २० डिसेंबरच्या मधल्या मध्यरात्री, आणि गोवेकरांना हा योगायोग सांगण्यासारखा आहे. फळ्यावर जागा उरलीच तर प्रतिभाताई पाटील यांचा जन्म (१९३४, नाडगाव, जि. जळगाव) आणि चेन्नईत करुण नायरने इंग्लंडविरुद्ध केलेल्या नाबाद ३०३ धावा (२०१६) लिहाव्यात. मुले आधी शेवटची ओळ वाचतील, हे गृहीत धरा.

प्रश्न : '४५१ वर्षांची गुलामगिरी' असे भाषणांत नेहमी ऐकतो. हा आकडा आमच्या पेडण्यालाही लागू होतो का?
(एक वाचक, पेडणे)

उत्तर : लागू होत नाही. आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी जिंकले ते आजचे जुने गोवे आणि तिसवाडीचे बेट. बार्देस व साष्टी त्यानंतर काही वर्षांनी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. या तीन तालुक्यांना 'जुन्या काबिजादी', म्हणजे आधी जिंकलेले मुलूख, म्हणतात. फोंडा १७६३ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, तेव्हा आपल्या पेडण्याचा हिशेब १७३ वर्षांचा होतो. व्यासपीठावर कोणी हा फरक करीत नाही, पण दिनविशेष लिहिणाऱ्याने तो करायला हवा.

त्या २५ नोव्हेंबरचीही एक गंमत आहे. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी दिनगणना सुधारली तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर उजाडला आणि पोर्तुगालने हा बदल तत्काळ स्वीकारला. आजच्या गणनेने आल्बुकेर्कचा विजय ५ डिसेंबरला येतो. ज्या सेंट कॅथरिनच्या सणादिवशी हा विजय मिळाला, तो सण मात्र २५ नोव्हेंबरलाच राहिला, आणि जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल याच संतिणीच्या नावाचे आहे. इंग्रजांनी ही सुधारणा १७५२ पर्यंत मानली नाही. त्यामुळे सतराव्या शतकातल्या एकाच प्रसंगाची तारीख गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात आणि कारवारच्या इंग्रज वखारीच्या पत्रात दहा दिवसांनी वेगळी पडते. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या तिथीची शिवजयंती १९ फेब्रुवारी १६३० म्हणून पाळतात तीही जुन्या गणनेची तारीख. नव्या गणनेने ती १ मार्च होते.

प्रश्न : क्रांतिदिन १८ जूनचा की ९ ऑगस्टचा?
(एक विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : दोन्ही. महाराष्ट्रात क्रांतिदिन पाळतात तो १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनाचा, म्हणजे ९ ऑगस्टचा. काकोरीजवळ आगगाडी अडवून खजिना लुटला गेला तोही १९२५ मधील ९ ऑगस्टलाच. गोव्याचा क्रांतिदिन १८ जूनचा. १९४६ साली आसोळण्याचे डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्यासह डॉ. राममनोहर लोहिया भर पावसात आपल्याच मडगावात सभेला उभे राहिले, त्या दिवसाचा. ते मैदान आज लोहिया मैदान म्हणून ओळखले जाते.