मोटार वर काढण्याआधी तीन तारा फिरवून बघा

भाऊ, यावलच्या केळीबागेत ५ एचपीचा सोलर पंप घुरघुरतोय, पाणी निम्मंच पडतंय, ड्राइव्ह (पॅनलच्या डीसीचा मोटारीसाठी तीन फेजचा एसी करणारी पेटी) ट्रिप होत नाही आणि वायरमन म्हणतोय मोटार जळाली. थोडं थांबा. मागच्या मे महिन्यात असंच ऐकून मी बोअरमधून मोटार उपसली. वाइंडिंगवाल्याने मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावला आणि ‘चांगली आहे’ म्हणून परत दिली. मजुरी गेली ती गेलीच. दोष निघाला ड्राइव्हमधल्या एका आयजीबीटीत, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये.

स्विच शॉर्ट झाला तर ड्राइव्ह लगेच बोंब मारतो. चालू आयजीबीटीवर एरवी दोनेक व्होल्ट पडतात. ते सात-आठच्या वर चढले की गेट ड्रायव्हर (स्विचला चालू-बंदचा इशारा देणारं सर्किट) काही मायक्रोसेकंदांत त्याला बंद करतो. स्विच ओपन झाला तर मात्र सगळं चिडीचूप. त्या फेजची अर्धी लाट गायब, पण करंट मर्यादेतच. मोटार बिचारी हिसके देत तापत राहते.

साधा एसी क्लॅम्प (तारेभोवती लावून करंट मोजायचं मीटर) इथे फसवतो. डीसी मोजणारा घ्या. खराब फेजवर डीसी सर्वांत जास्त दिसेल, उरलेल्या दोन्हींवर साधारण त्याच्या निम्मा आणि उलट चिन्हाचा.

मग पॅनलचा डीसी आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) पाडा, दहा मिनिटं थांबा, ड्राइव्हच्या कपॅसिटरमधला चार्ज उतरल्याचं मीटरने बघा. मोटारीच्या तिन्ही तारा ड्राइव्हवर एकेक टर्मिनल पुढे सरकवा: यू ची व्ही ला, व्ही ची डब्ल्यू ला, डब्ल्यू ची यू ला. दोनच बदलल्या तर पंप उलटा फिरेल. परत चालू करून मोजा. गडबड ड्राइव्हच्या त्याच टर्मिनलवर राहिली तर दोष ड्राइव्हचा. तारेबरोबर सरकली तर केबल किंवा मोटार.

मीटरच्या डायोड रेंजवर स्विच तपासून सगळं ठीक आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे आतला डायोड बोलतो. गेटचा पल्सच येत नसेल तर ते कळत नाही. एवढ्या लहान ड्राइव्हमध्ये सहाही स्विच बहुधा एकाच मॉड्यूलमध्ये असतात, एक गेला की अख्खं मॉड्यूल बदलायचं.

आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन आणि हीटसिंकच्या पात्यांत बसलेली माती, यातच मॉड्यूलच्या आतले सांधे थकतात. पेटी सावलीत आहे ना?

पंप सरकारच्या कुसुम सोलर पंप योजनेतला आणि पाच वर्षांच्या आतला असेल तर सील तोडू नका. वरची मोजमापं लिहून पुरवठादाराकडे तक्रार टाका.