कालप्रवास की काळाचा चकवा?

मिर्चा एलियादे या रुमानियन लेखकाच्या ‘बारा हजार गुरे’ (1952) या युद्धकाळातील अद्भुतकथेची मराठीत ओळख करून देताना ‘कालप्रवास’ हा शब्द चालेल का, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते चालणार नाही.

प्रवास म्हटला की प्रवासी आला, त्याचा इरादा आला आणि निघण्याची तयारीही आली. या कथेतला यांकू गोरे (आडनाव आपल्याकडचे वाटले तरी गृहस्थ अस्सल रुमानियन) गुरांच्या व्यवहारासाठी 1944 च्या बुखारेस्टमध्ये आलेला असतो; हवाई हल्ल्याचा भोंगा ऐकून तो एका घराच्या आसऱ्याला शिरतो, तिथल्या माणसांशी बोलतो, आणि मागाहून त्याला कळते की ती माणसे काही आठवड्यांपूर्वीच्या बॉम्बहल्ल्यातच मेलेली आहेत. तो काळात कुठेही निघालेला नव्हता. असे आपसूक घडलेले काही मराठी भाषा माणसाला ‘ला’ लावून सांगते: त्याला ठेच लागली, त्याला भूल पडली, त्याला चकवा लागला.

दुसऱ्या पर्यायांपैकी ‘कालविपर्यास’ आधीच वेगळ्या अर्थात गुंतलेला आहे. पेशवाईवरील नाटकात पात्राच्या मनगटावर घड्याळ दिसले, तर त्या चुकीला तो शब्द लागतो. ‘कालभ्रंश’ भारदस्त खरा, पण स्मृतिभ्रंश आणि बुद्धिभ्रंश यांच्या पंगतीत बसल्यामुळे बिघाड गोरेच्या डोक्यातच असल्याचे सुचवतो. ‘कालस्खलन’ तर वाचकाला भलतीकडेच नेईल.

उरतो तो चकवा. एलियादेच्याच ‘सेरामपूरच्या रात्री’ (1940) या कथेत तिघे युरोपीय रात्री बंगालमधल्या रानात वाट चुकून सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका घटनेत जाऊन पोहोचतात, तिथे हा शब्द जसाच्या तसा बसतो. बुखारेस्टच्या कथेत मात्र वाट चुकलेली नाही, शिवाय चकव्यात माणूस फसतो, जग जागेवरच असते, हा आक्षेपही रास्त आहे. म्हणून नुसता ‘चकवा’ न लिहिता ‘काळाचा चकवा’ लिहावे, म्हणजे चकवणारा कोण ते स्पष्ट होते.

क्रियापद मात्र ‘लागणे’ हेच ठेवावे. ‘गोरेने काळाचा चकवा अनुभवला’ असे लिहिले, की कालप्रवासातला तो तिकीट काढून निघालेला कर्ता पुन्हा वाक्यात येऊन बसतो.