रात्री दोन वाजता गेटची चावी कोणाकडे असते?

प्रश्न: ताई, मी विद्यापीठाच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. रात्री दहाला मेन गेटला कुलूप लागतं, मागचा जिना तर कायमच बंद आणि त्याच्या तोंडाशी जुन्या कॉट रचून ठेवल्यात. मध्यंतरी रात्री एका रूममध्ये पाणी तापवायच्या कॉइलमुळे गादी पेटली, मुलींनी बादलीभर पाणी ओतून विझवली पण धूर खूप झाला आणि वॉचमनकाका सापडेपर्यंत आम्ही सगळ्या गेटशी अडकून होतो. रेक्टर मॅडम म्हणतात कुलूप तुमच्याच सुरक्षेसाठी आहे आणि आपत्ती व्यवस्थापनाची फाइल ऑफिसमध्ये आहे. आम्ही काय करायचं?

उत्तर: अगं, तुम्ही सगळ्या सुखरूप आहात हे वाचून आधी बरं वाटलं. एक गोष्ट पहिल्यांदा सांगते, कॉइल, चार्जर, इंडक्शन असं काहीही पेटलं तर आधी एमसीबी, म्हणजे वीज तोडायचा बोर्डावरचा स्विच, पाडायचा आणि मगच पुढचं, लाइट चालू असताना पाणी ओतलं तर ओतणारीलाच शॉक बसू शकतो.

आता कुलूप. मॅडमची काळजी खोटी नाहीये, पण बाहेरच्याला आत येऊ न देणं वेगळं आणि आतल्याला बाहेर पडू न देणं वेगळं. दाराला पॅनिक बार बसवता येतो, म्हणजे आतून आडवी दांडी ढकलली की दार उघडतं, बाहेरून मात्र उघडत नाही, आणि त्याला हूटर, म्हणजे भोंगा, जोडला की कुणी उगाच उघडलं तरी लगेच कळतं. मग कुलूप लावायचं कारणच उरत नाही. मागच्या जिन्याला हेच करायला सांगा आणि कॉट तर आजच्या आज हलवायला लावा. २४ मे २०१९ ला सुरतला तक्षशिला इमारतीतल्या क्लासला आग लागली तेव्हा जिनाच जळाला, मुलांनी वरून उड्या मारल्या, २२ विद्यार्थी गेले. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत राजेंद्रनगरला क्लासच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी घुसलं आणि यूपीएससी करणारे तिघे तिथेच बुडाले. एकीकडे आग, दुसरीकडे पाणी, पण मुलांना बाहेर पडायला वाट नव्हती हे दोन्हीकडे सारखंच. म्हणून मला त्या फाइलचं फार कौतुक वाटत नाही, मला एवढंच विचारायचंय की रात्री दोन वाजता चावी कोणाकडे असते आणि तो माणूस त्या क्षणी कुठे असतो.

मॉक ड्रिलचंही तसंच. सकाळी अकराला नोटीस लावून, रांगेत उभं करून, फोटो काढून जे होतं त्याने काही कळत नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास झाला, माणसं गाढ झोपेत होती. ड्रिल एकदा तरी रात्री घ्यायला लावा. शेवटची मुलगी बाहेर यायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा, आणि मैदानात जमल्यावर हजेरी घ्या. इथे एक बारीक गोष्ट असते, घरी गेलेल्या मुलींची नोंद गेटच्या रजिस्टरमध्ये नसेल तर रिकाम्या खोलीत कुणी अडकलंय समजून अग्निशमनचा जवान धुरात शिरतो. जमायची जागा गेटसमोर नको, तिथून बंब आत यायचा असतो. आणि गॅदरिंगच्या वेळी रस्त्यातच मंडप आणि कमान उभी करतात तेव्हा बंबाला जागा उरते का, तेही बघा.

रेक्टर मॅडमशी भांडत बसू नका, सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज कुलसचिवांच्या नावाने आवक विभागात द्या आणि पोच घ्या. त्यात बी फॉर्मची प्रत मागा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू आहे असा दाखला परवानाधारक एजन्सीकडून दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, तोच हा. नाही दिला तर सरकारी विद्यापीठ आहे, १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात मागता येतो.

तोवर तुमच्या हातातलं: कॉरिडॉरमधल्या आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा. बाहेर धूर असेल आणि दार गरम लागत असेल तर उघडू नका, फटीत ओला टॉवेल कोंबा, खिडकीशी थांबा आणि ११२ किंवा १०१ ला फोन करून हॉस्टेलचं नाव, मजला आणि कुठल्या गेटने आत यायचं ते सांगा, कॅम्पस मोठा असला की नुसत्या विद्यापीठाच्या नावावर बंब भलत्याच गेटला जातो. धुरातून जावंच लागलं तर वाकून, जमिनीलगत, आणि आपल्यामागे दार ओढून घेऊन.

प्रश्न: मी कॉलेजात शिकवतो. माझा एक विद्यार्थी व्हीलचेअरवर आहे, वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. आगीत लिफ्ट वापरायची नाही म्हणतात, मग त्याने काय करायचं?

उत्तर: सर, त्याचा वर्ग तळमजल्यावर आणा, एवढं टाइमटेबल बदलायला जमतंच. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात आपत्तीच्या वेळी त्यांना इतरांइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे असं स्पष्ट आहे, त्यामुळे प्राचार्यांकडे हे उपकार म्हणून मागू नका. लॅबसाठी वर जावंच लागत असेल तर त्याच्याच मित्रांपैकी तिघा-चौघांची नावं ठरवा, एखादा गैरहजर असतोच, आणि खुर्चीवरून त्याला कसं उचललेलं चालतं ते त्यालाच विचारून रिकाम्या जिन्यावर सराव करून घ्या.