फुटेज जपायचं असेल तर

मित्रा, शूट संपल्यावर हार्ड डिस्क कपाटात ठेवली म्हणजे फुटेज जपलं, असं समजू नकोस. माझ्या एका माहितीपटाचं सगळं मूळ चित्रण असंच गेलं. तीन वर्षांनी डिस्क लावली तर ती फिरेचना. त्यातली एका वृद्ध शाहिरांची मुलाखत आता कधीच मिळणार नाही, याची टोचणी अजून आहे.

एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, तर विजेविना वर्षानुवर्षं ठेवायची वस्तूच नाही. त्यामुळे एलटीओ टेपच घे, म्हणजे डेटा जपायची चुंबकीय फितीची कॅसेट. एलटीओ-8, म्हणजे आठव्या पिढीच्या, एका टेपवर 12 टीबी मावतात. टेप लिहिणारा-वाचणारा ड्राइव्ह महाग असतो, तेव्हा दोघा-तिघांत मिळून घ्या. पण एलटीओ-9 चा ड्राइव्ह एलटीओ-7 ची टेप वाचत नाही, म्हणजे काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवणं आलंच. एलटीएफएसमध्ये, म्हणजे टेपवर फाइली मांडायच्या खुल्या पद्धतीत लिही, म्हणजे ती टेप एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अडून राहणार नाही.

कॅमेऱ्याच्या कार्डातलं फोल्डर जसंच्या तसं उचल. नुसत्या क्लिप काढल्यास तर मेटाडेटा, म्हणजे क्लिपबद्दलची नोंदलेली माहिती, मागे राहतो. कॉपी करतानाच चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का ते पडताळायचा आकडा, काढ आणि त्याची फाइल टेपसोबत ठेव. टेप दोन कर, दुसरी वेगळ्या गावी ठेव. कोकणातल्या घरी ठेवणार असशील तर पावसाळ्यातली ओल आधी बघ.