इन्फ्लुएन्सरशी करार करण्याआधी

फॉलोअर्सचा आकडा शेवटी बघ. आधी वर्षभराच्या जुन्या पोस्ट चाळ. ‘पेड पार्टनरशिप’ लेबलवाल्या लगेच सापडतात. खरी मेख लेबल नसलेल्यांत असते. बायोमधली लिंक उघडून बघ, पत्त्यात रेफरल कोड किंवा अ‍ॅफिलिएट टॅग (विक्री कुणामुळे झाली ते ओळखायची खूण) दिसतोय का? स्पर्धक ब्रँडचा डिस्काउंट कोड अजून चालू असेल, तर तुझी जाहिरात करतानाही त्या इन्फ्लुएन्सरला तिकडच्या विक्रीवर कमिशन मिळत असू शकतं.

त्याहून अडचणीची असते ती भागीदारी. स्पर्धक कंपनीतले शेअर्स, सल्लागारपद, जोडीदाराचा त्याच धंद्यातला ब्रँड, हे प्रोफाइलवर सहसा कुणी लिहीत नाही. ईमेलवर सरळ विचार. फोनवरचं ‘तसं काही नाही हो’ उद्या कामाला येत नाही. त्याच्या एजन्सीलाही विचार, स्पर्धकाचं काम तीच बघत असते कधीकधी. जुन्या करारातली एक्सक्लुझिव्हिटी (स्पर्धकाचं काम न करायची अट) कधी संपते, ती तारीख लेखी घे.

उत्तर टाळणारा माझ्याकडे तिथेच बाद. मोकळेपणाने जुनं नातं सांगणाऱ्याशी मात्र बोलणी मोडू नकोस. ते करारात नमूद कर, आणि मध्येच नवं काही जुळलं तर आधी कळवायची अटही घाल.