जुन्या लेसचा पिवळेपणा काढताना

ताई, आजीच्या पोलक्याची लेस आधी उजेडासमोर धरून बघा. धागे विरलेले असतील तर जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यावर सैल टाक्यांनी टाचून घ्या. ओली लेस जड होते आणि नुसती उचलली की स्वतःच्या वजनानेच फाटते. इस्त्री आत्ता नको, उष्णतेने डाग पक्के होतात.

पहिल्यांदा साध्या गार पाण्यात तासभर. पाणी चहासारखं झालं तर घाबरू नका, तो पिवळेपणाच उतरतोय. पाणी स्वच्छ राहीपर्यंत बदलत राहा. नळाचं पाणीच घ्या. सोसायटीत बोअरचं येत असेल तर शेवटच्या खळबळण्यासाठी तरी विकतचं डिस्टिल्ड पाणी आणा.

मग प्लास्टिकच्या टबात ५ लिटर कोमट पाणी (४० अंश), त्यात २ मोठे चमचे सोडियम परकार्बोनेट (पाण्यात ऑक्सिजन सोडणारी ब्लीच पावडर) पूर्ण विरघळवून लेस बुडवा. ६ ते ८ तास. चोळायचं, पिळायचं नाही. हे फक्त पांढऱ्या सुती आणि लिननसाठी. रेशीम, लोकर, जरतार यांना अजिबात नाही. क्लोरीनचं ब्लीच तर कशालाच नको, धागा कुजतो.

गंजाचे ठिपके दिसले तर मात्र थांबा. लोखंडामुळे ऑक्सिजनची क्रिया तिथे भडकते आणि ठिपक्याच्या जागी भोक पडतं. आधी लिंबू-मिठाने गंज काढून, धुऊन, मगच भिजवा.

पाच-सहा पाण्यांतून काढून टॉवेलवर सपाट वाळवा. ठेवताना खळ नको, कसर लागते.