घरी आल्यावर स्कोअर विचारू नका

मागच्या अंकात आपल्या भागातल्या बेसबॉल खेळणाऱ्या पोरापोरींबद्दल लिहिलं होतं, त्यावर यवतमाळ, वणी, हिंगणघाटकडून बरीच पत्रं आली. नावं छापत नाही. चार पत्रं घेतलीत, पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते तसंच ठेवतो.

प्रश्न: सर, मी अकरावीत आहे, पुसदजवळच्या खेड्यातून शिकायला जाते. विभागाच्या मॅचमधी शेवटच्या इनिंगला माझ्या हातून सोपा कॅच सुटला, दोन रनर घरी, म्हंजे शेवटच्या बेसवर आले अन् आम्ही हारलो. टीममधल्याच एका मुलीनं व्हिडिओ स्टेटसला टाकला. बाबा म्हणतात, एवढा खर्च केला अन् पोरीनं बॉल सोडला. जेवताना पण तोच विषय. मले आता ग्राऊंडवर जावं वाटत नाही. खेळ सोडून देऊ का?

उत्तर: बेटा, या कारणानं तर सोडूच नको. बेसबॉलमध्ये चूक लपवताच येत नाही, मोठ्या मॅचच्या स्कोअरबोर्डवर रन, हिट (बॉल मारून बेस गाठला ते) आणि एरर असे तीन खाने असतात, म्हंजे चुकांचा आकडा सगळ्यांना दिसेल असा टांगलेलाच असतो, आणि स्कोअरर बसून ठरवतो की हा बॉल साध्या प्रयत्नात पकडता आला असता का, आला असता तर फिल्डरच्या नावावर एरर चढतो. क्रिकेटच्या स्कोअरकार्डात सुटलेल्या कॅचचा खाना नसतो. म्हंजे ज्यांनी हा खेळ बसवला त्यांनी धरूनच ठेवलं होतं की चुका होणार, रोज होणार, आणि रनाच्या बाजूलाच त्या मोजायच्या. बॅटिंगचं पण तेच, दहापैकी तीनदा हिट मारणारा तिकडं चांगला बॅटर समजतात, उरलेले सातवेळा तो खाली मान घालून परत येतो.

आता बिल बकनरचं ऐक. अमेरिकेतला प्रोफेशनल खेळाडू, 22 सीझन खेळला, 2715 हिट मारले, आणि लोकांना त्याचा एकच बॉल आठवतो. 25 ऑक्टोबर 1986, वर्ल्ड सिरीज, म्हंजे तिकडची सात मॅचपर्यंत चालणारी फायनल, तिची सहावी मॅच, बॉस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क मेट्स. बॉस्टननं 1918 नंतर वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती आणि त्या रात्री फक्त एक स्ट्राइक (बॅटरनं हुकवलेला किंवा सोडून दिलेला चांगला बॉल, असे तीन झाले की तो बाद) बाकी राहिला होता. दहाव्या इनिंगला मुकी विल्सननं मारलेला साधा सरपटी बॉल फर्स्ट बेसवरच्या बकनरच्या पायांमधून निघून गेला, रे नाइट घरी आला आणि मेट्स 6-5 नं जिंकले. झालं, सगळं खापर बकनरच्या डोक्यावर. पण त्याच्या आधीच बॉस्टनच्या पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) वाइल्ड पिचवर, म्हंजे भलतीकडंच गेलेल्या बॉलवर मेट्सनं बरोबरी केली होती, म्हंजे बकनरनं बॉल धरला असता तरी मॅच फक्त अकराव्या इनिंगला गेली असती. त्याचे घोटे अधू झाले होते, बॉस्टन पुढं असलं की शेवटाला त्याच्या जागी दुसरा फिल्डर पाठवत, त्या रात्री पाठवला नाही. आणि दोन दिवसांनी सातवी मॅच होतीच की, त्यात बॉस्टन 3-0 नं पुढं असून 8-5 नं हारलं, त्याचं बोट कोणी कोणाकडं केलं का? टोमणे वर्षानुवर्षं चालले, शेवटी तो बायकापोरं घेऊन दूर आयडाहोला राहायला गेला. 8 एप्रिल 2008 ला बॉस्टनवाल्यांनी त्याला फेनवे पार्कवर, म्हंजे त्यांच्या घरच्या ग्राऊंडवर, तिथल्या सीझनच्या पहिल्या मॅचचा मानाचा पहिला बॉल टाकायला बोलावलं, सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि त्याच्या डोळ्यातून पाणी. नंतर तो म्हणाला की मला माफ करायचं होतं ते मिडियाला, मला आणि माझ्या घरच्यांना त्यांनी जे सोसायला लावलं त्याबद्दल. घरच्यांना, हे तो मुद्दाम म्हणाला.

तुझ्या मॅचचंही तसंच बघ. ते दोन रनर बेसवर पोचले कसे? कुणाचा तरी वॉक (चार खराब बॉलमुळं फुकटात मिळालेला बेस) गेला असेल, कुणाचा थ्रो वर गेला असेल, तुमच्या बॅटिंगला किती जणी बेसवर अडकून राहिल्या असतील. व्हिडिओत तेवढं सगळं येत नाही, तुझाच हात येतो. त्या मुलीला एकदा सरळ सांग की काढून टाक, नाही काढलं तर तुमच्या सरांना सांग, त्यात चहाडी काही नाही.

आणि कॅचचं कामाचं बोलतो. आपल्याकडं मॅच दुपारी असतात, ऊन डोळ्यात, उंच बॉल सूर्यात गेला की दिसतच नाही, तर ग्लोव्ह आधीच वर धरून सूर्य झाकायचा आणि बॉलकडं थोडं बाजूनं बघायचं. पहिलं पाऊल मागं टाकायचं, पुढं कधी नाही, कारण पुढं धावता येतं, मागं उलटं धावताना बॉल डोक्यावरून जातो. 'माझा, माझा' म्हणून जोरात ओरडायचं म्हंजे दुसरी अंगावर येत नाही. कपाळाच्या वर दोन्ही हातांनी घ्यायचा, ग्लोव्हमध्ये बसला की दुसरा हात लगेच वरून झाकायचा, नवीन पोरी तिथंच चुकतात, एका हातानं स्टाईल मारतात आणि बॉल ग्लोव्हच्या टाचेला लागून बाहेर उडतो. मैत्रिणीला घेऊन रोज संध्याकाळी असेच बॉल वर टाकून घे, आठ-पंधरा दिवसांत हात मोकळा होतो का नाही बघ.

आता हे पान बाबांना दे. भाऊ, तुमच्या पोरीनं ती मॅच मनातल्या मनात किती वेळा खेळली असेल ते तुम्हाला माहीत नाही. बॉल सुटला हे तिला तुमच्यापेक्षा आधी कळलं, बॉल जमिनीला लागायच्या आधी कळलं. खर्च झाला हे खरंच आहे, कापसाच्या भावात काय उरतं ते मी बघतो, पण तो खर्च विभागापर्यंत खेळलेल्या पोरीवर झाला, वाया गेलेल्या पोरीवर नाही. ग्राऊंडवर सर आहेत, कोच आहेत, चुका काढायला माणसांची कमी नाही. घरी तिला पोटभर जेवू द्या, दोन दिवस मॅचचं नावच काढू नका, ती स्वतः बोलली तर ऐकून घ्या. एवढं करा, मी हात जोडून सांगतो.

प्रश्न: मी वणीकडे कोळसा खाणीत आहे. मुलगा 16 वर्षांचा, पिचर आहे, हात चांगला आहे म्हणतात. पण मागच्या स्पर्धेत दोन दिवसांत तीन मॅच त्यालेच टाकायला लावल्या, आता कोपर आतल्या बाजूनं दुखून राहिलं. मी म्हणतो, सोड अन् नोकरीचं बघ. यात करिअर आहे का नाही, सरळ सांगा.

उत्तर: भाऊ, करिअर नंतर, आधी कोपर. आजपासून बॉल टाकणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरला दाखवा, मालिश करून, पट्टा बांधून टाकायला लावू नका. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं सहज घ्यायचं नसतंच. अमेरिकेत मेजर लीग (तिथली सगळ्यात वरची व्यावसायिक स्पर्धा) आणि तिथल्या बेसबॉल संघटनेनं मिळून पोरांसाठी नियम घालून दिलेत, 15-16 वर्षांच्या पिचरनं एका दिवसात 95 च्या वर बॉल टाकायचे नाहीत, 76 किंवा जास्त टाकले तर पुढं चार दिवस सुट्टी, आणि वर्षातून निदान चार महिने मॅचमधलं पिचिंग बंद.  आपल्या पोरांना दोन दिवसांत तीन मॅच म्हंजे अन्यायच आहे, आणि हे कोचला तोंडावर सांगायचा बापाला पूर्ण हक्क आहे. वही ठेवा, तारीख आणि टाकलेले बॉल लिहा, पुढच्या वेळी ती वही दाखवून बोला.

टॉमी जॉन नावाचा पिचर होता, 1974 मध्ये त्याच्या कोपराचं लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारी पट्टी) तुटलं, डॉ. फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हातातला टेंडन (स्नायूची दोरी) काढून तिथं बसवला, अख्खं 1975 साल तो खेळू शकला नाही, 1976 ला परत आला आणि 1989 पर्यंत खेळला. ते ऑपरेशन आज त्याच्याच नावानं ओळखतात. पण त्याच्यामागं टीमचा पैसा होता, तुमच्यामागं तुमचा पगार आहे.

करिअरचं म्हणाल तर नुसत्या बेसबॉलवर घर चालेल अशी सोय आपल्याकडं नाही. 2008 मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघं भालाफेक करणारे, हातात बेसबॉल कधी धरला नव्हता, ते जोरात बॉल फेकायच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सनं त्यांना करारावर घेतलं. तरी मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत, दिनेशला 2010 मध्येच सोडलं. म्हणून त्या स्वप्नावर बारावी पणाला लावू नका. पण राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, त्यात मुलाची स्पर्धा बसते का हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, सर्टिफिकेट लॅमिनेट न करता जपून ठेवा, पडताळणीला ओरिजिनलच लागतं. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्याचा फॉर्म शाळा-कॉलेजातून वेळेत गेला का तेही बघत जा. आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाचं कॉलेज आहे, मंडळ 1914 पासूनचं, आपल्या खेड्यापाड्यातले किती तरी क्रीडाशिक्षक तिथूनच निघालेत. म्हंजे 'सोड' आणि 'खेळच' याच्या मधातही रस्ता आहे, तो मुलासोबत बसून ठरवा.

प्रश्न: खेळाडू कोट्यातून पोलिसात लागलो, आता घरापासून लांब पोस्टिंग. जवानी सगळी कॅम्पात गेली. वडील गेले तेव्हा स्पर्धेत होतो, मातीला पोचलो नाही. मुलगा नववीत आहे, फोनवर 'हो', 'नाही' याच्यापुढं बोलत नाही. मेडल कपाटात आहेत. उशीर झाला का?

उत्तर: भाऊ, मुलगा नववीत आहे, उशीर कसा झाला?

मिकी मँटल हा न्यूयॉर्क यँकीजचा फार मोठा खेळाडू, 536 होम रन. बाप ओक्लाहोमात शिसं-जस्ताच्या खाणीत कामाला, पोरगं हातात बॅट धरायला लागलं तसं बाप आणि आजोबांनी त्याला डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंनी बॅटिंग करायला शिकवलं. 1951 मध्ये यँकीजनं त्याला खालच्या टीमला पाठवलं तेव्हा 19 वर्षांच्या पोरानं घरी फोन करून सांगितलं की माझ्यानं होत नाही. तो स्वतः सांगायचा की बाप गाडी काढून आला आणि काही न बोलता त्याची बॅगच भरायला लागला, चल, खाणीत काम कर म्हणून. पोरगं थांबलं. बाप पुढच्याच वर्षी गेला. पण मँटल स्वतः बाप झाला तेव्हा चार पोरांच्या वाट्याला तो आलाच नाही, खेळ, दौरे आणि दारू. 1994 मध्ये त्यानं उपचार घेऊन दारू सोडली तेव्हा वय साठीच्या पुढं, आणि आपण चांगला बाप नव्हतो हे तो उघड बोलला. लिव्हर बदलल्यावर 1995 च्या जुलैमध्ये सगळ्यांसमोर बसून म्हणाला की माझ्यासारखं होऊ नका. ऑगस्टमध्ये तो गेला. त्याला वेळ उरला नव्हता, तुमच्याजवळ आहे.

फोनवर जमणार नाही, सुट्टी काढून घरी जा. गेल्या गेल्या अभ्यास किती झाला, कोणता खेळ खेळतो हे विचारू नका, बाप म्हंजे चौकशी एवढंच त्याला माहीत आहे. त्याला सोबत घेऊन वावरात जा, मोटर बसवायची असेल, कुंपण नीट करायचं असेल, असं काही हाताचं काम दोघं मिळून करा, काम करता करता पोरं बोलतात. आणि वडिलांचं त्याच्यासमोर बोला, मातीला पोचलो नाही हे बोला. शेवटचे दिवस कसे गेले, काय म्हणत होते, हे तुमच्या आईला विचारलं का कधी? विचारा, नातवालाही बसवा तिथं. मेडलचं तो स्वतः विचारेल तेव्हा काढून दाखवा.

प्रश्न: नातू बेसबॉल खेळते, तालुक्याच्या ग्राऊंडावर मॅच आहे. मले जायचं आहे, पण समजत काहीच नाही. काय पाहू?

उत्तर: आजी, जाच. आपल्या लंगडी-खोखोसारखं एक पार्टी खेळते, दुसरी बाद करते. समोरचा बॉल फेकतो, बॅटवाल्यानं चांगला बॉल हुकवला किंवा सोडला की स्ट्राइक, असे तीन झाले की तो बाद, चार बॉल खराब पडले की त्याला फुकटात पहिल्या बेसवर पाठवतात. बेस चार, चौथा म्हंजे घर, जिथून निघाला तिथंच पळत परत आला की एक रन. तीन जण बाद झाले की पार्टी बदलते. बस, एवढं आलं की मॅच कळते. टोपी किंवा पदर डोक्यावर घ्या, पाण्याची बाटली न्या, आणि बसायचं ते जाळीच्या मागंच, बाजूला नाही, कारण बॅटला कट लागलेला बॉल बाजूला फार जोरात येतो. नातू बाद झाला तरी नाव घेऊन हाक मारा, त्याला ऐकू जाते.